डावा हात – ११२, ३४०

"…आणि जे सापडू नये, त्याचं काय करतोस?"

निवांतबाबांनी हे विचारलं, तेव्हा हेरंब लॅपटॉपवर तिसऱ्या सूचीचं कौतुक सांगत होता. मधेच तोडलेलं त्याला आवडलं नाही.

"सापडू नये असं काय असतं, बाबा? पुस्तक काढायचं ते सापडावं म्हणूनच."

बाबा गप्प राहिले. ते गप्प राहिले की समोरच्याला वाटायचं, आपण जिंकलो. हेरंबलाही तसंच वाटलं.

हेरंब खासनीस हुशार होता. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पुण्यात एका छापखान्यात त्याने मोठमोठे कोश जुळवले होते, आणि मग कशाने कोण जाणे, एका उन्हाळ्यात सगळं सोडून दीक्षा मागायला जोगटेकच्या मठात येऊन बसला होता. बाबा म्हणाले होते, "दीक्षेचं बघू. आधी रामजीचं लिखाण पुस्तकात बसव."

रामजीबुवा म्हणजे बाबांचा थोरला शिष्य. मठात कोण आलं, काय विचारलं, बाबा काय म्हणाले, हे तो आयुष्यभर लिहीत राहिला. गेल्या साली तो गेला. मागे राहिली लिखाणाने भरलेली एक पेटी.

हेरंबने ती पेटी संगणकात ओतली. पण नुसतं पुस्तक करून थांबला तर तो हेरंब कसला. त्याने एक सोडून तीन सूच्या केल्या. एक माणसांची, एक गावांची, एक विषयांची.

"हे कसं करतोस ते सांग पुन्हा," बाबा म्हणाले.

हेरंबला तेवढंच हवं होतं.

"शब्दाशेजारी एक खूण टाइप करायची. ही खूण छापली जात नाही. वाचणाऱ्याला ती दिसतच नाही, पण सॉफ्टवेअरला दिसते. हा शब्द तीनपैकी कुठल्या सूचीत घालायचा, ते खुणेतच सांगून ठेवायचं. मग एकदा चालवलं की ते सगळ्या खुणा वेचून तीन ढीग करतं. दुसऱ्यांदा चालवलं की ढीग अकारविल्हे लागतात, समोर पानांचे आकडे बसतात, आणि तिन्ही सूच्या पुस्तकाच्या शेवटी तयार."

"दोनदा सांगावं लागतं होय त्याला?"

"हो. पहिल्या वेळी पानं ठरलेली नसतात ना."

"मग तुझंच भावंड आहे ते."

हेरंब हसला, पण पुरता नाही.

"'आणि' हा शब्द कुठल्या सूचीत घातलास?"

"'आणि'?" आता मात्र तो मोकळेपणाने हसला. "बाबा, तो पानोपानी आहे. जे पानोपानी असतं त्याची सूची कुणी करत नाही. शोधणारा जाईल कुठल्या पानावर?"

"असं होय," बाबा म्हणाले, आणि पोरं चिंचोका खिशात टाकतात तसं ते त्यांनी कुठेतरी ठेवून दिलं.

"आणि कागद?"

"उत्तम घेणार आहे. पिवळा पडत नाही, तुटत नाही. शंभर वर्षं हलायचा नाही."

बाबांनी मान डोलावली. मग खिडकीतून सभामंडपाकडे पाहत म्हणाले, "तो बाहेर बसलेला माणूस कोण?"

"सातपुते म्हणून आहेत. तालुक्याला वाचनालय चालवतात म्हणे. पुस्तक कधी येतंय विचारायला आले."

"हातात काय आहे त्याच्या?"

"आपलीच कच्ची प्रत. मी दिली." हेरंबचा आवाज जरा वर चढला. "फार आस्था आहे त्यांना. मजकूर चाळायच्या आधी सूची कशी बघायची ते शिकून घेतलं. असा वाचक विरळा."

"सगळ्यात आधी काय शोधलं त्यानं?"

"एक गाव. हिवरखोल."

बाबांच्या बोटांतली माळ थांबली.

…

"दार लोटून घे," ते म्हणाले.

हेरंबने दार लोटलं. बाबांचा आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. 

"आपली हौसा कुठली, ठाऊक आहे?"

हौसा मठात भाकऱ्या करायची. तिचं मूळ नाव वेगळं असणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते काय, हे कुणी विचारत नसे. एवढंच ठाऊक होतं की तिने परजातीतल्या माणसाशी लग्न केलं, तिच्या सख्ख्या भावांनी त्याला विहिरीत लोटलं, आणि कोर्टात भावांच्या तोंडावर तिने साक्ष दिली. थोरला शिक्षा भोगून सुटला, त्या दिवसापासून तिला शोधतोय. मठात ती कुणालाही दादा म्हणत नसे, भाऊ म्हणत नसे. हेरंबला ती मास्तर म्हणायची.

"हिवरखोलची?" हेरंबने विचारलं.

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"पण बाबा, तिचं नाव पुस्तकात कुठेच नाही! आश्रयाला आलेल्याचं नाव छापायचं नाही, हा तुमचा नियम मी काटेकोर पाळलाय. माणसांच्या सूचीत ती नाही. देवाशपथ नाही."

"मग शोधून दाखव."

"नाहीच तर शोधू कशी?"

"समज, तू तिचा भाऊ आहेस."

असलं काही समजणं हेरंबच्या जिवावर आलं. पण त्याने स्वतःकडची दुसरी प्रत ओढली आणि शेवटची पानं उघडली. गावांच्या सूचीत बोट फिरवलं. ह… हिंगणी… हिवरखोल. पुढे एकच आकडा होता, ११२.

त्याने ११२ काढलं आणि वाचलं.

"हिवरखोलहून एक बाई आली. डाव्या हातानं दिवा लावला. बाबांनी विचारलं, कुणाला भितेस? म्हणाली, सख्ख्या हातांना."

एवढंच होतं. पुढे दुसऱ्याच माणसाची गोष्ट सुरू होत होती.

"बघा," हेरंब म्हणाला. "कोण बाई, काय बाई, पुढे कुठे गेली, काही नाही. हे वाचून कुणाला काय कळणार?"

"रामजीनं एवढंच लिहिलं का तिचं?"



रामजीबुवाने आणखी लिहिलं होतं. कित्येक वर्षांनंतरचं, कित्येक पानांपलीकडचं. आणि ते दोन तुकडे एकाच बाईचे असावेत, हे हेरंबच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हातारा विसरभोळा, एका जागी लिहायचं ते दोन जागी लिहून बसलाय, असं म्हणून तो मनात हसलाही होता. आपल्या विषयसूचीत त्याने ते तुकडे मोठ्या प्रेमाने एकत्र आणले होते. इतका बारीक विषय कुणाच्या नजरेत आला नसता, असं स्वतःलाच सांगत.

 त्याने विषयांची सूची उघडली.

डावा हात – ११२, ३४०.

३४० काढायची गरज नव्हती. ते त्याला तोंडपाठ होतं. तरी त्याने काढलं, कारण बाबा बघत होते.

"मठात डाव्या हातानं भाकरी वाढलेली पाहून एक पाहुणा कुरकुरला. बाबा म्हणाले, भूक हात बघत नाही."

 मागल्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप… थप… थप. एरवी हा आवाज हेरंबच्या कानावरून जायचा. आज तो एकेक थाप ऐकत होता.

"रामजीनं ते मुद्दाम फोडून लिहिलं," बाबा म्हणाले. "मी म्हणालो होतो, लिहूच नको. म्हणाला, बाबा, असं बोलणं हरवू द्यायचं नाही. म्हणून अर्धं अलीकडं टाकलं, अर्धं पलीकडं."

"मला वाटलं… मला वाटलं तो विसरला."

बाबांनी हेरंबचा उजवा हात धरला. त्याचं पहिलं बोट ११२व्या पानात घातलं. मधलं बोट ३४०व्या पानात घातलं. आणि पुस्तक मिटून वर आपला तळवा ठेवला.

"आता काढ हात."

हात काढता आला असता. म्हाताऱ्याच्या तळव्यात असा काय जोर होता! पण हेरंब तसाच बसला, पुस्तकात बोटं अडकवून, आणि त्याला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

…

मग त्याला सुचलं ते कुठल्याही हुशार माणसाला सुचतं. त्याने लॅपटॉप ओढला.

"काढतो. आत्ता काढतो, बाबा. दोन मिनिटं."

११२वर गेला, 'डावा हात'ची खूण पुसली. 'हिवरखोल'ची पुसली. ३४०वरची पुसली. घाईत एकदा खुणेबरोबर अख्खी ओळच गेली आणि ती परत आणावी लागली. सॉफ्टवेअर चालवलं. सूचीत नोंद तशीच!  मग आठवलं, दोनदा सांगावं लागतं. पुन्हा चालवलं.

हिंगणीनंतर आता थेट हुलगेवाडी होती. विषयांच्या सूचीतून डावा हात गेला होता.

"गेलं!" हेरंब जवळजवळ ओरडला. "आता तिन्ही सूच्यांत ती कुठेच नाही."

बाबांनी हनुवटीने खिडकीकडे खूण केली.

सातपुते सभामंडपात खांबाला टेकून बसला होता. कच्ची प्रत त्याच्या मांडीवर होती. तो पानं उलटत नव्हता. एक बोट पुस्तकाच्या मागच्या बाजूला होतं आणि एक मधे. आणि तो स्वयंपाकघरातून निघणाऱ्या धुराकडे बघत होता.

हेरंब भ्याला. असा भ्याला की उभ्या जन्मात भ्याला नव्हता. स्वतःसाठी भिणं त्याला माहीत होतं, ते लवकर ओसरतं. हे ओसरत नव्हतं.

"मी जातो. प्रत काढून घेतो त्याच्याकडून."

"काय सांगून?"

"चुका आहेत म्हणून."

"मग त्याला पक्कं कळेल, चूक कुठाय ते."

"तर मग हौसाबाईला मागच्या दारानं वर पाठवू. देवराईत. तो जाईपर्यंत."

"आज गुरुवार," बाबा म्हणाले. "खालचं सगळं गाव पंगतीला यायचं. त्यातला म्हातारा धोंडीनाना पहिल्या घासाला हाक मारणार, हौसा कुठाय, हौसाची भाकरी आण. साऱ्या मंडपात तिचं नाव फिरेल. आणि हा ऐकेल, की रोज वाढणारी आज नाही."

"मग करायचं काय, बाबा?"

बाबा माळ ओढू लागले. हेरंबला त्यांचा राग आला. इथे एका बाईचा जीव टांगणीला लागलाय आणि हे मणी मोजताहेत!

दारावर टकटक झाली.

सातपुतेच होता. गोरा, नीट विंचरलेला, बोलायला गोड माणूस. पुस्तक छातीशी धरलेलं.

"रामराम, बाबा. जेवून गेलो तर चालेल ना? मठाची भाकरी फार चांगली म्हणतात." मग हेरंबकडे बघून हसला. "तुमची सूची म्हणजे कमालच, साहेब. तीनशे चाळिसाव्या पानापर्यंत हाताला धरून नेलं."



"बसा की," बाबा म्हणाले. "पान वाढलेलंच आहे."

…

हेरंब स्वयंपाकघरात गेला. का गेला, काय सांगणार होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

हौसा चुलीपुढे होती. परातीत पीठ, पुढ्यात टोपलीत भाकऱ्यांची चवड. डावा हात फिरत होता, भाकरी चांदासारखी गोल होत होती. लहानपणी त्या हातावर तिने उलथन्याचे चटके खाल्ले होते, उजव्याने कर म्हणून. मठात आली तेव्हा ती वाढताना डावा हात पदराखाली दडवायची. ज्या हाताने भाकरी येते त्याच हाताने वाढ, असं बाबांनीच तिला सांगितलं होतं.

तिने वर पाहिलं.

"काय झालं, मास्तर? त्वांड असं का पडलंय?"

हेरंबची नजर तिच्या डाव्या हातावर गेली.

तिचा हात हळूहळू थांबला. ती बाई होती, आणि कित्येक वर्षं याच एका गोष्टीची वाट बघत जगली होती. तिला फार सांगावं लागलं नाही.

"थोरला आलाय?"

"तो नाही. त्याचा माणूस असेल. किंवा नसेलही. मंडपात बसलाय."

"मला वळखतो?"

"चेहरा नसेल ओळखत. हात…" हेरंबला पुढचं उच्चारता येईना. "हात मी दाखवला त्याला. पुस्तकात. माझी चूक झाली, हौसाबाई. मला वाटलं, मी फार चांगलं काम करतोय."

हौसा आपल्या पिठाने भरलेल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. नुसती बसल्या जागी बारीक झाली.

"उजव्यानं वाढू का?" तिने विचारलं. "जमायचं नाही. सांडंल. गाव इचारंल, आज काय झालं हौसाला?"

तेवढ्यात पंगतीची घंटा झाली.

…

सभामंडपात दोन रांगा बसल्या होत्या. समोर पत्रावळी. सातपुतेने रांगेच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी जागा धरली होती. पुस्तक मांडीखाली. तो पत्रावळीकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता.

हेरंबच्या हातात पिठल्याचं पातेलं होतं. आजवर त्याने कधी वाढलं नव्हतं. लिहिण्यावाचण्याचं काम करणाऱ्याने वाढपी व्हायचं नसतं, अशी त्याची आपली एक समजूत होती. आज कुणीही न सांगता त्याने पातेलं उचललं होतं. मागे आमटी आणि भात घेऊन दोन शिष्य. त्यांच्यामागे, भाकऱ्यांची टोपली कमरेवर घेऊन, हौसा. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आता दोन पावलं. मग उंबरा. मग त्या माणसाचे डोळे.

"थांब गं," मागून आवाज आला.

बाबा होते. ते कधी पंगतीत वाढायला येत नसत. त्यांनी हौसाच्या टोपलीतल्या निम्म्या भाकऱ्या एका सुपात घेतल्या, सूप उजव्या कडेला धरलं, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उंबरा ओलांडला.

पहिली पत्रावळ सातपुतेची.

बाबांनी डाव्या हाताने भाकरी उचलली आणि डाव्याच हाताने त्याच्या पत्रावळीवर ठेवली.

मंडपात चुळबुळ झाली. डाव्या हाताने वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. हौसाचं वाढणं गाव चालवून घ्यायचं, तिचा हातच तसा. पण बाबा?

बाबा पुढच्या पत्रावळीकडे वळले. तिथेही डावा हात. तिसरीवरही तोच.

हेरंब उंबऱ्यातच खिळला होता. 'आणि' हा शब्द कुठल्या सूचीत घातलास… सकाळी आपणच हसत हसत काय म्हणालो होतो, ते त्याला आठवलं. जे पानोपानी असतं त्याची सूची कुणी करत नाही.

त्याने पातेलं उजव्या हातात घेतलं आणि पळी डाव्या.

पहिलीच पळी अर्धी पत्रावळीवर, अर्धी सातपुतेच्या धोतरावर. "माफ करा हं," हेरंब म्हणाला. सातपुतेने धोतराकडे पाहिलंही नाही. तो पळी धरलेल्या हाताकडे बघत होता.

मागच्या दोघा शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण गुरू करतो ते आधी करायचं आणि मग विचारायचं, एवढं त्यांना येत होतं. आमटीची पळी डाव्या हातात गेली. भात वाढायचा डावही डाव्या हातात गेला.

मग हौसा आली.

आणि हेरंबच्या लक्षात आलं की एवढं करूनही सगळं फसलेलंच आहे. त्याची पळी थरथरत होती, आमटीवाल्याची सांडत होती, भाताची शितं मंडपभर झाली होती. उसना हात लगेच ओळखू येतो. एकट्या हौसाचाच हात तेवढा सराईत पडणार, पाण्यासारखा. बघणाऱ्याला यापेक्षा सोपं काय?

सातपुतेलाही तेच वाटलं असावं. तो पुढे झुकला.

हौसाने टोपलीत हात घातला. भाकरी उचलली. हात पुढे केला…

हात कापत होता. बोटांतून भाकरी निसटली, पत्रावळीच्या कडेला आपटली आणि मातीत पडली. तिने वाकून ती उचलली, दुसरी ठेवली, तीही तिरकी पडली. इतकी वर्षं भाकरी वाढणारी बाई, पण भीतीने तिचा हात हेरंबच्या हातासारखाच अडाणी करून टाकला होता.

सातपुते तिच्याकडून पुढे बघू लागला. मग पुन्हा मागे. एकेक हात. सगळ्यांत स्थिर, सगळ्यांत सराईत डावा हात मंडपात एकच होता. तो बाबांचा होता.

तेवढ्यात धोंडीनाना बोलला. म्हाताऱ्याच्या तोंडाला कधीच कुलूप नसायचं.

"बाबा, आज ह्ये काय न्यारंच? समदीच आपल्या ह…"



धोंडीनानाही थांबला. त्याने बाबांकडे पाहिलं. हौसाचे पांढरे ओठ पाहिले. मग टोकाला बसलेल्या, कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या त्या गोऱ्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"…समदीच आपल्या हातानं वाढतायत म्हनतो मी," तो म्हणाला, "बाबासुदीक." आणि त्याने भाकरीचा तुकडा डाव्या हाताने मोडला.

शेजारच्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच केलं. मग पलीकडच्याने. रांगेच्या शेवटापर्यंत ते न बोलता गेलं. एवढं शांत जेवण त्या मंडपात कधी झालं नसेल. नुसता भाकऱ्या मोडल्याचा आवाज.

सातपुते एकटाच उजव्या हाताने जेवत होता.

"मठात सगळेच डावखुरे का, बाबा?" त्याने हसत विचारलं. हसू फक्त तोंडापुरतं होतं.

बाबांनी त्याच्या पत्रावळीवर आणखी एक भाकरी ठेवली.

"पुस्तकात दिलंय की. तीनशे चाळीस."

…

तो गेला. टेकडीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत हेरंब पायरीवर उभा होता. मग तो तिथेच बसला.

आत हौसा खरकटं काढत होती. तिने एक तांब्या पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं. डाव्या हाताने. तो हात आता कापत नव्हता.

"प्या, मास्तर," ती म्हणाली. 

पाणी पिताना हेरंबला आठवलं. तो धडपडत उठला. मंडपात गेला, सातपुते बसला होता तिथलं तरट उचललं, खांबामागे पाहिलं, खोलीत पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

बाबा कट्ट्यावर हात धूत होते.

"बाबा… प्रत तो घेऊन गेला. धोंडीनानाला सांगून गेलाय, वाचून झाली की परत आणून देतो म्हणून."

बाबा हात धूत राहिले.

"परत येणार, बाबा. तो येईल नाहीतर दुसरा कुणी येईल. एखाद्या सोमवारी येईल, पंगत नसताना. वाढत कोण असेल, कुणाला काय ठाऊक असेल…"

"हं."

"म्हणजे आता रोजच? आम्ही सगळ्यांनी? डाव्या हातानं?"

बाबांनी हात पुसले. रिकामं सूप उचलून हेरंबच्या डाव्या हातात दिलं.

हेरंबने ते धरलं. 

"पण असं किती दिवस, बाबा?"

"तुझा कागद किती वर्षं टिकतो म्हणालास?"